तेरड्याचे तीन दिवस

गेल्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी पावणेसातला मी तेरड्याच्या एका फुलाच्या देठाला निळा दोरा बांधला. आदल्या संध्याकाळी ती कळी होती, सकाळी उमललेली दिसली. गुलाबी, एकेरी फूल, पानाच्या बेचक्यात अर्धवट लपलेलं. वहीत तारीख आणि वेळ लिहिली. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण आपण सगळेच वापरतो. कुणाचा उत्साह लवकर ओसरला की हमखास तोंडात येते. मीही आयुष्यभर वापरली. पण ते तीन दिवस खरंच तीन असतात का, हे कधी बसून पाहिलं नव्हतं.

तेरड्याशी माझी ओळख तशी जुनी, पण ती कापलेल्या तेरड्याशी. २६ वर्षं मी शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होते. खोडातून पाणी वर कसं चढतं हे मुलांना दाखवायचं, तर तेरड्यासारखं दुसरं झाड नाही. त्याचं खोड रसाळ आणि इतकं नितळ असतं की उजेडासमोर धरलं तर आतल्या शिरा दिसतात. फांदी पाण्याखाली तिरकी कापायची, चंचुपात्रात लाल शाईच्या पाण्यात उभी करायची आणि थांबायचं. बघता बघता खोडात लाल रेघा वर सरकू लागतात, काही तासांनी पानांच्या शिरा रंगतात. पांढऱ्या फुलाची फांदी असली तर पाकळ्यांवरही लालसर जाळी उमटते. मग ब्लेडने खोडाची पातळ चकती काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची. कडेकडेने गोलाकार मांडलेले लाल ठिपके दिसतात, पाणी त्यांच्यातूनच चढलेलं असतं. मुलं रांगेने डोळा लावून बघायची आणि एखादं तरी पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभं राहायचं. तास संपला की मी शाईचं पाणी ओतून द्यायची, फांद्या टाकून द्यायची. २६ वर्षांत फूल उमलण्यापासून बी पडेपर्यंतचा तेरडा मी एकदाही पाहिला नाही. निवृत्त झाल्यावर पहिलं काम केलं ते हे, की तेरड्याच्या बिया मातीत टाकल्या. हे तिसरं वर्ष.

तेरडा लावणं अवघड नाही, पण त्याला काय आवडत नाही ते आधी कळायला हवं. त्याला थंडी अजिबात सोसत नाही. हवा उबदार झाल्यावरच बी पेरावं, साधारण २० ते २५ अंश तापमानात ते छान उगवतं. बी बारीक, गोल आणि गडद तपकिरी, मोहरीची आठवण करून देणारं. मी ओलसर, भुसभुशीत मातीवर ते ठेवते, बोटाने हलकं दाबते आणि वरून चिमूटभर माती भुरभुरवते. अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त खोल गेलं तर बरीच बियाणं वर येत नाहीत, हे पहिल्या वर्षी शिकले. आठवडा-दीड आठवड्यात दोन गुबगुबीत दलपत्रं, म्हणजे बियातलीच पहिली दोन पानं, डोकं वर काढतात. या दिवसांत पाणी झारीने न घालता फवारून द्यावं, नाहीतर इवली रोपं आडवी होतात आणि मातीला चिकटून कुजतात.

या वयातल्या रोपांकडे नीट पाहिलं तर एक गंमत दिसते, आणि ती मला कुणी सांगितली नव्हती. काही रोपांचं कोवळं खोड नुसतं पोपटी असतं, काहींच्या बुंध्याशी लाली असते, तर काही जवळजवळ जांभळट. पहिल्या वर्षी मी खोडाच्या रंगाप्रमाणे कुंड्यांवर खुणा केल्या आणि वाट पाहिली. पोपटी खोडाच्या सगळ्या रोपांना पांढरी फुलं आली. लाली असलेल्यांना गुलाबी आणि लाल, गडद खोडाच्यांना जांभळी. जो रंग पुढे पाकळीत उतरायचा तो खोडात आधीच दिसत असतो. तेव्हापासून मी विरळणी करताना आधी खोडं पाहते. नाहीतर माणूस सरसकट धट्टीकट्टी रोपं ठेवतो आणि नंतर सगळ्या कुंड्यांत एकच रंग येतो.

चार-सहा खरी पानं आली की रोपं हलवावीत, त्याहून उशीर करू नये. जमिनीत असली तर दोन रोपांत वीतभर तरी अंतर हवं. कुंडीत असली तर आठ-दहा इंची कुंडीत एकच रोप. हे मन घट्ट करून पाळावं लागतं. दाटीवाटीत वाढलेला तेरडा उंच आणि किरकोळ होतो, खालची पानं पिवळी पडतात आणि पुढे भुरी, म्हणजे पानांवर पांढरी पूड धरणारी बुरशी, येते ती याच दाटीतून. लावताना रोप पूर्वीपेक्षा बोटभर खोल गेलं तरी चालतं. बुंध्याजवळच्या पेरांतून त्याला नवी मुळं फुटतात आणि ते घट्ट उभं राहतं. माती पाणी धरणारी पण निचरा होणारी हवी. मी निम्मी माती, एक भाग कुजलेलं शेणखत आणि एक भाग कोकोपीट घेते. खताचा हात मात्र आखडता. नत्र जास्त झालं की पानांचा नुसता पसारा होतो आणि फुलं शोधावी लागतात. फुलं लागल्यावर पंधरा दिवसांनी मूठभर गांडूळखत, तेवढं पुरतं.

आता पाण्याचं सांगते, कारण माझी जास्तीत जास्त रोपं पाण्याने गेली. तेरड्याचं अख्खं अंगच पाण्याचं. दुपारचं ऊन वाढलं की पानांतून पाणी उडतं ते मुळांना पुरवता येत नाही आणि झाड मान टाकतं. पानं अशी लोंबतात की पाहवत नाही. पहिल्या वर्षी माझ्याकडे पाच कुंड्या होत्या. दुपारी झाड मलूल दिसलं की मी लगेच पाणी घालायची. माती चांगली ओली असायची, तरीही घालायची. नवव्या-दहाव्या दिवशी एका रोपाचा बुंधा मातीलगत तपकिरी दिसला. बोट लावलं तर मऊ, आत गेलं. दुसऱ्या दिवशी ते रोप आडवं झालं. त्या आठवड्यात पाचातली तीन गेली. फार वाईट वाटलं. तहानेने मेली असती तर समजू शकले असते, पण ती माझ्या काळजीनेच बुडाली होती.

तेव्हापासून नियम एकच. दुपारी मान टाकलेला तेरडा दिसला की आधी मातीत बोट घालायचं. दुसऱ्या पेरापर्यंत ओल लागली तर काहीही करायचं नाही, संध्याकाळी परत पाहायचं. ऊन उतरलं की पानं आपोआप उभी राहतात, तासाभरात झाड ओळखू येत नाही. सकाळी सकाळीच मान खाली असेल, तर मात्र तहान खरी आहे किंवा बुंधा बिघडला आहे. दोन्हींत उशीर परवडत नाही. पाणी सकाळी, बुंध्याशी, पानांवर न उडवता. ऊन सकाळचं भरपूर आणि दुपारी थोडी सावली मिळाली तर फारच उत्तम. पूर्ण सावलीत तो उंच होतो, पण फुलत नाही.

त्या पाचातल्या एका रोपाचा वरचा भाग शाबूत होता. बुंधा कुजत होता, शेंडा हिरवा होता. मी कुजलेल्या भागाच्या बरंच वर कापलं, खालची पानं काढली आणि फांदी पाण्यात ठेवली. हाताला सवय तीच, फक्त या वेळी पाण्यात शाई नव्हती. आठवडाभरात पेरापाशी पांढरी मुळं आली आणि ती फांदी पुढे महिनाभर फुलली. इतकी वर्षं मी टाकून दिलेल्या फांद्यांना ही मुळं फुटू शकली असती, हा विचार त्या दिवशी बराच वेळ मनातून गेला नाही.

शेंडा खुडावा का, असं मला दोघातिघींनी विचारलं आहे. झेंडूचा खुडतात, तसा याचाही खुडा असं सांगणारे भेटतात. मी खुडत नाही. तेरड्याचं सौंदर्य मधल्या सरळ खोडावर आहे. प्रत्येक पानाच्या बेचक्यात एक, दोन, कधी तीन फुलं, खालपासून वरपर्यंत खोडाला लगटून. शेंडा खुडला की बाजूच्या फांद्या येतात, झाड पसरट होतं, पण ती उभी माळ जाते. पसरट झुडूप हवं असेल त्यांनी जरूर खुडावं, झाडाला काही होत नाही. फुलं पानांआड दडलेली वाटत असतील तर मधली दोन-चार पानं काढावीत, तेवढ्याने ती मोकळी होतात. आणि दुहेरी फुलांचे प्रकार, गुलाबासारखे भरलेले, दिसतात देखणे. पण मला एकेरीच आवडतो, कारण दुहेरीत पाकळ्यांच्या गर्दीत आतलं सगळं झाकून जातं. जे आत घडतं ते पाहण्यासाठीच तर मी तेरडा लावते.

पानांच्या देठावर, दोन्ही बाजूंना, टाचणीच्या टोकाएवढ्या गाठी असतात. सकाळी भिंगातून पाहिलं तर त्यांवर चमकदार थेंब दिसतो. तो गोड असतो, आणि मुंग्यांना ते माहीत आहे. फुलं नसतानाही मुंग्या तेरड्यावर का चढतात हे मला आधी कळत नव्हतं. मावा पडला की काय म्हणून मी पानं उलटून उलटून बघायची. मुंग्यांनी झाडाचं काही बिघडत नाही. त्यांना राहू द्यावं.

अळीचं मात्र ठरवावं लागतं. दुसऱ्या वर्षी एका सकाळी एका रोपाचं नुसतं खोड उभं होतं, पानं गायब, आणि खाली काळ्या मिऱ्याएवढ्या लेंड्या. शोधून शोधून सापडली. काळी, बोटाएवढी जाड अळी, अंगावर बाजूने पिवळ्या डोळ्यांसारख्या ठिपक्यांची ओळ, आणि मागच्या टोकाला एक शिंग. चालताना ती ते शिंग पुढे-मागे हलवत होती, जणू ताल धरला आहे. ही हॉक मॉथ गटातल्या एका पतंगाची अळी, थेरेट्रा ओल्डनलँडी हे त्याचं शास्त्रीय नाव, आणि तेरडा हे तिचं आवडतं खाणं. औषध फवारायला माझा हात धजावला नाही. एक रोप मी तिच्या नावाने सोडलं. दुसऱ्या रोपावर दिसली की उचलून त्या रोपावर ठेवायची. एके दिवशी ती खाली उतरली आणि वाळक्या पानांखाली गेली. पुढे तिथे तपकिरी कोश सापडला. ज्याच्याकडे एकच कुंडी आहे त्याने काय करावं हे मी सांगणार नाही. पण फवारण्याआधी एकदा तिचं चालणं बघा, एवढं मनापासून सांगेन. भुरी आली तर मात्र मी दयामाया दाखवत नाही. पांढरी पूड पडलेलं पान दिसताच तोडायचं, दाटी कमी करायची, आणि हंगामाच्या अखेरीला अख्खं रोप भुरीने भरलं तर उपटायचं.

तर तो निळा दोरा.

तेरड्याचं फूल बाहेरून साधं दिसतं. वर एक टोपीसारखी पाकळी, बाजूला दोन-दोन जोडलेल्या चार पाकळ्या, आणि मागे बारीक, वाकडी शेपटी. ती शेपटी म्हणजे मधाची नळी. मध तिच्या टोकाशी असतो, त्यामुळे मधमाशीला फुलात पार आत शिरावं लागतं. आत शिरताना तिची पाठ घासते ती वरून लोंबणाऱ्या एका पांढुरक्या गोंड्याला. भिंगातून पाहिलं तर तो पाच पुंकेसरांचा एकत्र जुळलेला टोप असतो, आणि त्या टोपाखाली स्त्रीकेसर पूर्ण झाकलेलं. मंगळवारी आणि बुधवारी माझ्या फुलात एवढंच होतं. बुधवारी दुपारी एक माशी बाहेर आली तेव्हा तिच्या पाठीवर मधोमध पांढरी पूड होती, जणू कुणी खडूने रेघ ओढली. या दोन दिवसांत फूल फक्त पराग देतं. त्याला पराग घेता येत नाही, कारण घेणारा भाग टोपाखाली बंद आहे.

गुरुवारी सकाळी टोप नव्हता. खालच्या पाकळीवर पडला होता, अख्खा, तळाशी तुटलेला, वाळलेल्या फुलपाकळीच्या तुकड्यासारखा. आतला अंडाशय फुगत जातो आणि टोप बुडापासून सुटतो. आता त्याच जागी हिरवं, निमुळतं टोक दिसत होतं, स्त्रीकेसराचं. कालपर्यंत माशीच्या पाठीला जिथे पराग लागत होता, नेमकं तिथेच आज हे टोक टेकणार, दुसऱ्या फुलाचा पराग पुसून घ्यायला. मी स्टूल घेऊन बसले. सव्वानऊला एक माशी आली, आत शिरली, बाहेर पडली. तिला काही फरक पडला नव्हता. फुलाला पडला होता. शुक्रवारी दुपारी बाराच्या सुमाराला मी पाहिलं तेव्हा पाकळ्या कुंडीत पडल्या होत्या, अजून गुलाबीच, सुकलेल्या नाहीत. देठावर दोरा आणि त्याच्या टोकाला गव्हाच्या दाण्याएवढं हिरवं, लवदार बोंड.

सव्वातीन दिवस. मग मी आणखी दहा फुलांना दोरे बांधले. सर्वांत कमी टिकलं ते अडीच दिवस, कडक उन्हातलं. ढगाळ आठवड्यातलं एक चार दिवस राहिलं. म्हणजे म्हण रचणाऱ्याने झाडाजवळ बसून पाहिलं असणार, याबद्दल माझ्या मनात शंका राहिली नाही. मात्र त्याने एक फूल मोजलं. मी त्याच रोपाची रोजची फुलं वहीत लिहीत गेले. पहिलं फूल उमलल्यापासून सहा आठवड्यांत आकडा १३० च्या पुढे गेला, आणि झाड अजून वर कळ्या धरत आहे. रंग एकही दिवस गेलेला नाही.

तेरड्याच्या वंशाचं शास्त्रीय नाव आहे इम्पेशन्स, लॅटिनमध्ये अर्थ ‘अधीर’. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली याला इम्पेशन्स बाल्समिना म्हटलं. ‘अधीर’ या नावाचं कारण फूल नाही, बोंड आहे. फूल गळल्यावर तीन-चार आठवड्यांत बोंड दोन्हीकडे निमुळतं आणि मध्ये फुगीर होतं, हिरव्याचं फिकट पिवळसर होतं. मग नुसता धक्का लागायचा अवकाश, पाच झडपा आतल्या आत सर्रकन गुंडाळतात आणि बिया उडतात. इतर अनेक शेंगा वाळून फुटतात. हे बोंड रसाने टच्च भरलेलं असतानाच फुटतं, पेशींतल्या पाण्याच्या ताणाने. प्रयोगशाळेत जे पाणी मी शाईच्या रेघांनी वर चढताना दाखवत होते, तेच पाणी शेवटी बी फेकतं. हे कळलं तेव्हा मला माझ्या त्या सगळ्या मुलांना पुन्हा एकदा बोलावून घ्यावंसं वाटलं.

बी धरायची असेल तर बोंड हिरवं असतानाच पातळ कापडाची सैल पुरचुंडी बांधावी. हाताने तोडायचं तर आधी मूठ त्याच्याभोवती पूर्ण मिटावी आणि मगच देठ मोडावा. मुठीत ते फुटतं तेव्हा तळव्याला गुदगुली होते, एखादा किडा वळवळल्यासारखी. मी ती दर वेळी जाणून घेते. बिया आठवडाभर सावलीत वाळवून कागदी पुडीत ठेवते. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल धरते. पुडीवर रंग लिहायचा, पण पुढच्या वर्षी तोच रंग येईल असा भरवसा धरू नये. शेजारी दुसऱ्या रंगाची झाडं असली की माशीच्या पाठीवरच्या त्या पांढऱ्या रेघेने आपलं काम केलेलं असतं. माझ्या पांढऱ्या रोपांच्या बियांतून यंदा दोन फिक्या गुलाबी खोडांची रोपं निघाली.

निळ्या दोऱ्याच्या बोंडाला मी पुरचुंडी बांधली नाही. ते पिवळसर दिसू लागलं तेव्हा कुंडीभोवती जुनी पांढरी चादर अंथरली आणि रोज सकाळी पाहत राहिले. काल दुपारी खोलीत असताना खिडकीच्या काचेवर ‘टक्’ असा आवाज आला. बाहेर आले. बोंडाच्या जागी पाच झडपा, सुरळ्या होऊन वळलेल्या, अजून ओलसर. चादरीवर बिया विखुरल्या होत्या, मी सात वेचल्या. सर्वांत लांब पडलेली टेपने मोजली, झाडापासून १ मीटर ३२ सेंटिमीटर. काचेवर आपटलेली सापडली नाही. खिडकीखाली दुसऱ्या झाडाची कुंडी आहे, तिच्यातली माती मी आता उकरणार नाही.